मोखाड्याचा पावसाळी आकडा

जव्हार-मोखाड्याला हल्ली लोक धबधबे बघायला जातात. माझी नात गेल्या पावसाळ्यात जाऊन आली आणि फोनमधले फोटो माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाली, "आजी, तूही गेली होतीस ना तिकडे? काय बघितलंस?"

"माझा आकडा," मी म्हटलं.

तिला वाटलं म्हातारी भरकटली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी तो डोंगर बघितला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी मला चोवीस वर्षांची बघितलेली नाही त्यांच्यासाठीही. या दुसऱ्या लोकांनी फारसं काही गमावलेलं नाही.

जव्हारचं संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात आलं होतं आणि मी मुंबईत सरकारच्या आकडेवारीच्या कामावर लागले होते. कॉलेजात गणितात पहिली आलेली मुलगी. वेणी घट्ट, चष्मा नवा, आणि आपल्याला सगळं कळतं हा विश्वास चष्म्याहूनही नवा.

आमचं खातं घरोघरी पाहणी करी. सगळ्या घरांत जाणं अशक्य, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी थोडी घरं निवडायची, आणि त्या प्रत्येक घराने न निवडलेल्या पुष्कळ घरांच्या वतीने बोलायचं. एक घर किती घरांच्या वतीने बोलतं, त्याला आम्ही त्या घराचा भार म्हणत असू. असं बारा महिने हिंडून वर्षाचा एक आकडा निघे, आणि तो निघेपर्यंत ते वर्ष कधीच सरलेलं असे. पण डोंगरातला माणूस काही वर्षाच्या सरासरीने जेवत नाही. मार्गशीर्षात तो जेवतो, श्रावणात कसंबसं निभावतो. तेव्हा हंगामाहंगामाचा आकडा वेळेवर हाती यावा असं साहेबांना फार वाटे.

ती युक्ती मी सुचवली. वर्षभरात पाहायच्या घरांपैकी आषाढात जी थोडी पाहिली जातात तेवढीच घ्यायची आणि त्यांचा भार वाढवायचा. म्हणजे ती मूठभर घरं सगळ्या मोखाड्याच्या वतीने बोलतील, आणि पावसाळ्याचा आकडा पावसाळ्यातच मिळेल. युक्ती वाईट नव्हती, हे आजही सांगते. ती वापरणारी बाई कच्ची होती.

घरांची यादी हिवाळ्यात झालेली होती. आमच्या लेखी घर म्हणजे चूल. जेवढ्या चुली तेवढी घरं. आषाढात निवडलेल्या चुलींवर काय शिजलं ते पाहिलं, चुलीमागे सरासरी काढली, तिला यादीतल्या एकूण चुलींनी गुणलं, शिरगणतीतल्या माणसांनी भागलं. उत्तर आलं की मोखाड्यातला माणूस हिवाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त जेवतो.

शहाण्या माणसाने तिथेच पेन्सिल खाली ठेवली असती. मी कारण शोधून काढलं. लिहिलं, "भातलावणीच्या मजुरीमुळे या दिवसांत सुबत्ता दिसते." एकेका चुलीवर जेवणारी माणसं फार होती, कुठे कुठे पंधरा-सोळा. त्याचंही मी स्पष्टीकरण दिलं: "पावसाळ्यात पाहुण्यांची वर्दळ." मोखाड्यात, आषाढात, पाहुणे! तिथे त्या दिवसांत कोण मरायला जाणार होतं, माझ्याशिवाय?

साहेब खूश झाले. कागद टपालाने मोखाड्याला गेला, आणि मी हट्ट धरला की ती सुबत्ता मला डोळ्यांनी बघायची आहे.

जव्हार

जव्हारात उतरले तेव्हा पांढरं धुकं इतकं होतं की राजवाडा कुठल्या बाजूला आहे हे लोकांना मला बोटाने दाखवावं लागलं, आणि दाखवल्यावरही दिसला नाहीच. गिरगावातून येताना मी होल्डॉल, थर्मास, बिस्किटांचा डबा आणि मेणकापडाचा रेनकोट आणला होता. रस्त्यावरून बाया पाठीवर पानांचं इरलं घेऊन कोरड्या चालल्या होत्या. मी रेनकोटात आतून घामाने आणि बाहेरून पावसाने सारखीच भिजले होते.

खानावळीच्या काकूंनी लाल तांदळाचा भात आणि उडदाचं घुटं वाढलं. घुट्यात लसूण आणि मिरची अशी की मी तीनदा पाणी मागितलं.

"मुंबईची का?" काकूंनी विचारलं.

"हो. कशावरून ओळखलंत?"

"भात चिवडताय त्यावरून. संस्थान होतं तेव्हा वाड्यात मुंबईचे पाहुणे यायचे, तेही असेच चिवडायचे."

तिथे मला गोविंदराव भेटले. हे जव्हारजवळच्या जामसरचे. घरी भातशेती, स्वतः मॅट्रिक होऊन आमच्या पाहणीत लागलेले. मोखाड्याची घरं यांनीच पाहिली होती. धोतर, कोट, डोक्यावर काळी टोपी आणि कुत्र्यांची भयंकर भीती. त्यांनी माझा होल्डॉल पाहिला आणि म्हणाले, "बाई, यातलं निम्मं इथे काकूंकडे ठेवा." मी ठेवलं नाही. पुढे त्यातलं निम्मं चिखलाने घेतलं.

मोखाडा

मोखाड्याचे महालकरी, म्हणजे लहान तालुक्याचे मामलेदारच म्हणा, उठून उभे राहिले माझ्यासाठी. मला ते फार आवडलं.

"बाई, तुमच्या आकड्याने डोक्यावरचा ताप उतरवला," ते म्हणाले. "पोशेऱ्याला स्वस्त धान्याचं दुकान घातलंय सरकारने. पावसाळ्यात ते चालवायचं म्हणजे गाडी रुतलेली, बैल आजारी, पोती भिजलेली. लोक हिवाळ्यापेक्षा बरं जेवतात असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा हा बाजार झाला की गाडी थांबवतो. दुकान बंद."

"आणि कुणाला लागलंच तर?" मी विचारलं. शोभेसाठी विचारलं.

"येतील की इथे बाजाराला."

मी मान डोलावली. माझ्या कागदावर एक दुकान बंद होतंय, म्हणजे माझा कागद किती वजनदार! मनात हाच विचार आला, दुसरा नाही. आज त्या पोरीला समोर उभी करून कान पिळावासा वाटतो.

पोशेरा

दुसऱ्या दिवशी गोविंदराव आणि मी चालत पोशेऱ्याला निघालो. मध्ये एक ओढा आडवा आला. गोविंदरावांनी धोतर वर खोचलं आणि उतरले. मला वाटलं, पाणी गुडघ्याएवढं आहे, मीही उतरले. पाणी कमरेला लागलं, उजव्या पायातली चप्पल निघाली आणि माझ्यादेखत, अजिबात घाई न करता, वाहत गेली.

"पाणी आज कमी आहे," गोविंदराव म्हणाले. "चढलं की दोन-दोन दिवस कोणी ओलांडत नाही."

हा ओढा ओलांडून लोक मोखाड्याच्या बाजारात येणार होते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला चपलेचं दुःख होतं.

आमच्या निवडीत पडलेल्या एका पाड्यावर सोनीबाय राहत होती. साठीची, काटकुळी, लग्न झालेल्या तीन मुलांची आई. कारवीच्या कुडाची तीन घरं, एकमेकांना टेकलेली. थोरल्याच्या घरात चूल धगधगत होती आणि तीवर एक मोठं मडकं. मला बघून तिने पहिला प्रश्न टाकला, "एकाच पायात चप्पल घालतात काय गो तुमच्या मुंबईला?"

अंगणातल्या बाया खो खो हसल्या. तिकडे लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात, महालकऱ्यालाही. मला ते पहिल्यांदा खटकलं आणि नंतर इतकं आवडलं की मुंबईत परतल्यावर 'अहो-जाहो' काही दिवस पोकळ वाटत राहिलं.

जेवायची वेळ झाली होती. पळसाच्या पानांवर नागलीची भाकर आणि कसलीशी हिरवी रानभाजी. आधी मला वाढलं. मी भुकेली होते. एक भाकर संपवली, दुसरी घेतली. आणि दुसरी खाता खाता, पोट भरल्यावर माणसाला जी अक्कल फुटते ती मला फुटली.

"सोनीबाय," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे का? हिवाळ्यापेक्षा या दिवसांत तुम्ही लोक जास्त जेवता. मी गणिताने काढलंय."

सोनीबायचा हात मडक्यात तसाच राहिला.

"काय सांगते ही?" तिने गोविंदरावांना विचारलं.

त्यांनी खाली बघत तिच्या बोलीत सांगितलं. मग धाकटी सून जानी, कडेवर तान्हं पोर, पदर तोंडावर धरून हसायला लागली, आणि तिच्यामागे सगळं अंगण.

"आगे, आयकलंस काय! आपुन पावसात जास्ती खातो!"

"म्हनून तर तू अशी फुगलीस!" दुसरी एक बाई म्हणाली. ती स्वतः इरल्याच्या काडीएवढी होती.

सोनीबाय मात्र हसली नाही. तिने विचारलं, "हे तू सरकारला लिवलंस?"

"हो."

"मंग दुकान?"

मला दुकानाचं माहीत आहे हे तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार. ती म्हणाली, "राजाचं होतं तवा अडीनडीला मानूस वाड्यावर जाऊन रडं. आथा तुज्या कागदाम्होरं रडाचं काय?"

हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवावा की तोंडात घालावा हे मला कळेना. तो मी मुठीत धरून बसले, चोरलेल्या वस्तूसारखा.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, मला मधल्या मुलाचं घर बघायचं आहे. निवडलेलं म्हणून मला तेच माहीत होतं. जानीने मला नेलं. घर स्वच्छ सारवलेलं, कोपऱ्यात रिकामी कणगी, आणि चूल थंड. चुलीत, नेमकी जिथे लाकडं सारायची तिथे, गवताच्या घरट्यावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. माझ्याकडे तिने असं बघितलं, जणू मीच दार न वाजवता आले आहे.

"ही चूल पेटत नाही?"

"आवणीला नाय पेटत," जानी म्हणाली. आवणी म्हणजे भाताची लावणी. "समदी बाया चिखलात. कोन रांधील? आन सुकी लाकडं कठं आहात इतकी? थोरलीकडं एक मडकं चढवाचं, समद्यांनी खावाचं. दाणा बी पुरतो."

"म्हणजे तुमचीही चूल बंद?"

"माजी बी. माज्या चुलीत शेरडाचं पिल्लू निजतं." ती पुन्हा हसली. "नवं धान आलं का पेटवू."

"इतर पाड्यांवर?"

"समदीकडं असंच. भांडलेली असली तं नाय."

मी त्या कोंबडीसमोर मातीच्या जमिनीवर बसले. आमच्या चाळीत माझ्या दोन काकू एका खोलीत दोन स्टोव्ह पेटवत आणि भाजी झाकून ठेवत. चुली फुटतात हे मला माहीत होतं. पावसाळ्यात त्या जुळतात हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. हिवाळ्याच्या यादीत इथे तीन चुली. आषाढात एक मडकं, तिघांचं. मी ते मडकं एका घराचं धरलं, आणि वर त्याला यादीतल्या सगळ्या चुलींनी गुणलं. जेवण एकदा शिजलं, माझ्या कागदावर ते तीनदा जेवलं गेलं.

गोविंदराव दारात आले. "तुम्ही पंधरा-सोळा माणसं लिहिली होतीत ती ही का?" मी विचारलं.

"हो बाई."

"मला वाटलं पाहुणे."

ते हसू दाबू लागले. मग एकदम गंभीर झाले. "बाई, एक सांगू? थोरल्याचं घरही निवडलेलं होतं. मी दोन्हीकडे लिहिलं."

"काय लिहिलंत?"

"हेच मडकं."

कोंबडी फुगून बसली होती.

पुन्हा मोखाडा

जाताना सोनीबायला काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. ओढा चढायच्या आत परतायचं होतं हे निमित्त पुरलं. मी अनवाणीच चालले. उरलेली चप्पल अंगणातच विसरले.

महालकरी अजून कचेरीत होते. मी त्यांना आधी भारदस्त भाषेत सांगून बघितलं. "भारांच्या बाबतीत काही तांत्रिक दुरुस्ती आवश्यक वाटते..." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे काय झालं?"

"चुलीत कोंबडी आहे," मी म्हटलं.

मग सगळं सांगावंच लागलं. पाहुण्यांचंसुद्धा. कारकून हसले, शिपाई हसला, महालकरी हसले नाहीत, आणि ते न हसणंच मला जास्त लागलं.

"ठीक आहे. मग खरा आकडा काय?"

"तो माझ्याकडे नाही."

"गाडी उद्यापासून थांबतेय. माल जव्हारला वळवायचा हुकूम गेलाय. मी वरती काय लिहू? मुंबईच्या बाईंना वाईट वाटलं म्हणून दुकान चालू ठेवतो?"

"गाडी थांबवू नका तोवर."

"बाई," ते सौम्यपणे म्हणाले, "माझ्याकडे कागद एकच आहे. आणि त्याखाली सही तुमची आहे. दुसरा आणा."

दुसरा आणायचा म्हणजे निवडलेल्या प्रत्येक घरी पुन्हा जायचं आणि एकच विचारायचं: या मडक्यात किती चुली जुळल्यात? दोन जुळल्या असतील तर त्या घराचा भार अर्धा धरायचा, तीन असतील तर तिसरा हिस्सा, आणि दोनदा लिहिलेलं मडकं एकदाच. गणित शाळकरी पोराचं. पण उत्तर पाड्यापाड्यावर विखुरलेलं होतं, आणि मध्ये ओढे होते.

पुढचे काही दिवस आम्ही तेच केलं. खानावळी नव्हत्या, गुळाचा कोरा चहा, भाजलेलं कणीस, एकदा नुसती काकडी. एका पाड्यावर एक म्हातारा मला म्हणाला, "चुली मोजाला सरकारनं शिकलेली बाय धाडली? माझी बायको फुकट मोजील." दुसऱ्या पाड्यावर कुत्र्यांनी गोविंदरावांना कुडावर चढवलं आणि मी बिस्किटांचा डबा कुत्र्यांना उघडून दिला. त्या सगळ्या प्रवासात त्या डब्याचा झालेला हा एकमेव उपयोग. एका ठिकाणी दोन भाऊ बांधावरून भांडलेले होते आणि दोघांच्या चुली वेगवेगळ्या जळत होत्या. सगळ्या मोखाड्यात माझं गणित बरोबर ठरवणारं तेवढं एकच कुटुंब. मी त्यांचे आभार मानणार होते, पण शेजारच्या बाया त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती बघून गप्प बसले.

काही घरांना विचारायचं राहिलंच. ओढ्याने जाऊ दिलं नाही. ती वगळल्याचं कागदावर लिहिलं. आधीच्या कागदावर असं एक वाक्य जरी असतं!

धर्मशाळेच्या ओसरीवर बसून मी नवा आकडा काढला. तो खाली आला, हिवाळ्याच्या पुष्कळ खाली. गोविंदरावांनी तपासला. मी तो महालकऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, मग टाक माझ्यापुढे केला. "सही करा." माझं नाव दोन्हीकडे तेच, अक्षरही तेच. खालची रेघ मात्र या खेपेला मी ओढली नाही. आधीच्या कागदावर मी सहीखाली वेलबुट्टी काढली होती.

"गाडी सोडतो," ते म्हणाले. "पण माल जव्हारला गेलाय. परत यायला वेळ लागेल."

पोशेऱ्याला, सांगायला

मुंबईची मोटार गाठायची होती तरी मी पोशेऱ्याला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. गोविंदराव म्हणाले, निरोप मी देतो. पण निरोपाने ते भागलं नसतं. ओढा उतरला होता. पोशेऱ्याचं दुकान वाटेतच लागलं. फळीचं दार, बाहेरून कुलूप. बाहेर एक म्हातारी रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. "आज येल काय?" तिने विचारलं. "येईल," मी म्हटलं, आणि लगेच, "आज नाही. येईल." ती उठली नाही.

सोनीबाय अंगणात होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: माझी चूक, नवा कागद, दुकान चालू राहणार, माल यायला अजून काही दिवस. मध्ये कुठेतरी माझा आवाज गेला. चोवीस वर्षांच्या मुलीला वाटतं की आपण रडलो की समोरचा विरघळतो. सोनीबाय विरघळली नाही. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिस?"

"नक्की माहीत नाही."

"बरं. हे खरं बोललीस." मग जानीला म्हणाली, "पान मांड हिला."

"नको," मी घाईने म्हटलं. "मी जेवून आलेय."

"आथा मोजाला नाय ना आलीस? मंग बस."

पान आलं. भाकर नव्हती. पांढऱ्या चकत्या होत्या, उकडलेल्या, वर मिठाचे दोन खडे. गोविंदराव हळूच म्हणाले, "कडूकंद. रानात मिळतो. रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर खाववत नाही." पलीकडे जानी बसली होती, तिच्याही पानावर तेच, आणि मांडीवर पोर. दुकान उघडं असतं तर या पानांवर काय असतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी एक चकती तोंडात घातली. कडवटपणा जिभेवरून घशात आणि घशातून कानापर्यंत गेला.

"कडू लागतंय?" सोनीबायने विचारलं. "घाई झाली. एक पानी कमी पडलं."

"नाही," मी म्हटलं. "चांगलं आहे."

जानीने माझं तोंड बघितलं आणि सासूला कोपराने ढोसलं.

"पुन्हा खोटं लिवतंय बघ," सोनीबाय म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.